शिव्या मोजू नका, वेळा मोजा

धमकी किती गंभीर, हे हदगाव-तामसा पट्ट्यात शिव्यांवरून ठरतं. पत्रात आईबहिणीचा उद्धार असला की सारी गल्ली ठाण्यावर. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते, चहा होतो, लोक पांगतात. शिवी नसलेलं पत्र मात्र घडी घालून फायलीत जातं.

समजा, कयाधूतली वाळू अडवणाऱ्या तलाठ्याला चिठ्ठी आली: 'साहेब, पोरगी साडेपाचच्या एसटीनं येते. थांब्यावर उजेड नसतो. जपा.' ठाण्यातला अंमलदार चिठ्ठी उलटसुलट करतो. 'यात धमकी कुठंय? काळजीच करायलाय बिचारा.'

धमक्यांचा अभ्यास करणारे नेमके इथं थबकतात. लिहिणाऱ्याला घरची दिनचर्या ठाऊक आहे का? वेळ, जागा नेमकी आहे का? मागच्या पत्रापेक्षा मजकूर पुढं सरकलाय का? 'आता दुसरा इलाज उरला नाही' असा सूर आहे का? त्यांची वही एवढीच.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं 1990च्या दशकात नामवंतांवर चालून गेलेल्या हल्लेखोरांचा अभ्यास केला. बहुतेकांनी आपल्या सावजाला आधी थेट धमकी दिलीच नव्हती. भुंकणारा आणि चावणारा एकच असतो असं नाही. पण नसतोच, असं धरून चालणाऱ्यांनी आपलं घर आधी तपासावं.

आपल्याकडे 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर तर शस्त्राचं नाव घ्यायचीही गरज उरली नाही. जून 2023 मध्ये शरद पवारांना आलेल्या धमकीत 'तुमचा दाभोलकर होणार' एवढं पुरलं. नांदेडात 5 एप्रिल 2022 ला बांधकाम व्यावसायिक संजय बियाणींवर घरासमोर, भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. एवढं होऊनही आपण धमकीत 'खल्लास' शब्द आहे का, तेच शोधतो!

कायदा आपल्याहून शहाणा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये नाव लपवून धमकावणाऱ्याला वाढीव दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फक्त ती धमकी आहे, हे आधी कुणाला तरी वाचता आलं पाहिजे.

तेव्हा चिठ्ठी फाडू नका, पाकीटही जपा. मेसेज खोडू नका, तारीखवार लावा. फिर्यादीत रडगाणं कमी, वेळा आणि जागा जास्त लिहा. तरीही अंमलदार हसला, तर कागद त्याच्यापुढं सरकवा आणि विचारा, 'साहेब, हीच चिठ्ठी तुमच्या घरी आली असती, तर एनसीवर भागवलं असतं का?'