बल्ब किती खाली सोडलायस?

अगं ए सूनबाई, ये की जरा कुंपणापाशी. शेराला हात नको लावू, चीक उडतो डोळ्यात. पिल्लं आणलीस ना? रात्रभर तुझ्या पडवीतून ओरडा ऐकू येत होता. पन्नास? गिरिराज? बरं केलंस. दिसायला देशीसारखी रंगीत आणि वजनालाही चांगली. काल तिन्हीसांजेला तुझा नवरा गाडीवर भोकाभोकांचं खोकं घेऊन आला, तर समोरची अक्का म्हणते कशी, आंबे आणले असतील. डिसेंबरात आंबे! त्या बाईचं सगळं असंच.

ते राहू दे. रात्री गारठली होती तुझी पिल्लं. ऊब लागलेलं पिल्लू बारीक आवाजात कुलकुल करतं आणि पाय पसरून झोपतं. चढ्या आवाजात एकसारखं ओरडतंय म्हणजे थंडी, नाहीतर भूक. सकाळी कुठं होती सगळी? बल्बाखाली एकावर एक? बघ, म्हणजे तेच. अशा ढिगात खालची गुदमरून जातात, आणि माणूस म्हणतं थंडीनं मेली.

बल्ब कुठला लावलायस? एलईडी? अगं बाई, त्याला उजेड आहे, ऊब कुठाय? फार तापत नाही म्हणून तर वीज कमी खातो तो! जुना तारेचा पिवळा बल्ब लागतो. पिल्लामागं दोन वॅट धरायचे, पन्नासांना शंभर. मी शंभरचा एक नाही लावत, साठाचे दोन लावते. मध्यरात्री एक उडाला तरी दुसरा असतो. हल्ली दुकानात मिळायची मारामार, पण माझ्या माळ्यावर आहेत. संध्याकाळी ने.

आणि ते चौकोनी खोकं काढ. कोपरा दिसला की पिल्लं त्यात चेपून बसतात. तट्ट्या नाहीतर पत्रा घे, दीडेक फूट उंचीचा, आणि गोल उभा कर. चांगला चार-पाच फूट रुंद. मध्ये बल्ब, कडेला गारवा. तू चहूकडून गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक टाकलंयस म्हणे. मग उकडलं तर त्यांनी पळायचं कुठं? शिवाय विष्ठेचा वास आत कोंडतो, डोळे चुरचुरतात त्यांचे. वरून मोकळं ठेव. वाऱ्याच्या बाजूला तेवढं गोणपाट लाव, बास.

आमच्या सासूबाईंच्या वेळेला कुठला आलाय बल्ब! खुडूक कोंबडी डालग्यात बसवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. पुढचं सगळं तीच बघायची. पिल्लू पंखाखाली शिरलं, ऊब घेतली, निघालं दाणे टिपायला. गारठलं की पुन्हा आत. कोंबडी त्याला दिवसभर दाबून धरत नाही गं. हवं तेव्हा ऊब आणि हवं तेव्हा बाहेर, एवढं त्या बल्बाकडून झालं की झालं.

थर्मामीटर आणतो म्हणतोय का तुझा नवरा? आणू दे, पुरुषांना यंत्र लागतंच. सांग त्याला, पहिला आठवडा ३५ अंश, आणि मोजायचं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, छपराखाली नाही. मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर घ्यायचा. पण यंत्र काही का दाखवेना, निजायच्या आधी तू स्वतः डोकाव. बल्बाखाली गोळा झाली तर बल्ब खाली घे. कडेला जाऊन चोच उघडून, पंख पसरून धापा टाकतायत, तर वर घे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर फट शोध, तिथून वारा येतोय. सगळीकडं विखरून निजली असतील तर तूही जाऊन नीज.

आता खरी गोष्ट. वरच्या आळीतली ती शेड जळाली ना, लोक म्हणतात जावेनं करणी केली. कसली करणी न् काय! बल्ब नुसत्या वायरीवर लोंबत होता. गाठ सुटली, बल्ब खाली तुसात. कोरडं तूस धुमसायला वेळ लागतो, तोवर घर घोरत होतं. पण जावेचं नाव घ्यायला सोपं, त्यांचं बांधावरून जुनंच आहे. तू वायरीवर नको टांगू. आढ्याला साखळी बांध, तिच्यावर बल्ब टांग, वर आणखी एक तार पक्की. भोवती जाळीची टोपली घाल. तुझं मांजर उडी मारल्याशिवाय राहायचं नाही.

लाईट गेली तर शेगडी ठेवशील? दार लावून? नको गं बाई! निखाऱ्याला धूर दिसत नसला तरी त्याचा वायू कोंडतो, पिल्लं आवाज न करता जातात. तुम्ही शेजारच्या खोलीत निजता, तुम्हालाही धोका. त्यापेक्षा बाटल्यांत कढत पाणी भर, गोणपाटात गुंडाळ, मध्ये ठेव, आणि गार झालं की बदल. झोपमोड होईल, होऊ दे.

तुसावर गुळगुळीत कागद टाकू नकोस, पाय फाकतात, मग पिल्लू नीट उभं राहत नाही. पाण्याची ताटली उथळ घे आणि तिच्यात खडे टाक, नाहीतर पितापिता बुडतील. आज गुळाचं पाणी दिलंस तरी चालेल. गारठलेल्यांच्या ढुंगणाला विष्ठा चिकटते, ती कोमट पाण्यानं हलक्या हातानं पूस, ओढू नकोस. आठवडा होईस्तोवर मानमोडीची लस, डोळ्यात थेंब. डॉक्टरला आधीच सांगून ठेव, ऐनवेळी लस संपलेली असते.

चौथ्या आठवड्याला पिसं भरली की बल्ब सुटतो. थंडी असली तर रात्रीपुरता चार दिवस जास्त. शिमग्यापर्यंत नर कुठले न् माद्या कुठल्या ते ओळखू येईल. त्यातले दोन नर माझे. फुकट कशाला, बल्ब देतेय की! तीन म्हणतेस? तीन नको, दोनच. पण अक्काला बोलू नकोस हां, नाहीतर तिसरा तिच्या घरी जायचा, आणि वर ती म्हणेल, आंबे कुठायत?