दुधाला हद्दपारी, गुळाला जामीन

घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली शिक्षा होते ती दुधाला. भाताची मूद, आमरस, उपासाची साबुदाणा खिचडी यांना जामीन मिळतो. दूध मात्र हद्दपार. त्याचा गुन्हा एवढाच, की २०० मिलीच्या पेल्यात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज.

त्याच्या जागी येतं ओट्सचं दूध. दुधाच्या कितीतरी पट महाग, म्हणजे पथ्याचं असणारच! खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेलं असतं आणि तेही खरंच. कारखान्यात एन्झाइमं ओट्समधल्या स्टार्चची माल्टोज ही साखर तयार करतात. मग वरून घालायची कशाला? कर्बोदकं बहुधा दुधापेक्षा जास्तच भरतात.

बिनसाखरेच्या बदाम दुधात कर्बोदकं नगण्य. प्रथिनंही नगण्य, आणि बदाम तर शोधावेच लागतात. बिनसाखरेचं सोया दूध त्यातल्या त्यात गुणी: कर्बोदकं कमी, प्रथिनं जवळजवळ दुधाइतकी. पण भिशीत मिरवण्यासारखं त्यात काही नाही. घरच्या पनीरमध्ये कर्बोदकं थोडी, पातळ ताकातही बेताचीच. पण त्यांना खोकं नाही, म्हणून प्रतिष्ठाही नाही.

शेवटी बदाम दुधाचा चहा होतो. त्यात गूळ दोन चमचे, कारण तो ‘नैसर्गिक’. सोबत चार खाऱ्या. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट पाहून डॉक्टर कपाळाला हात लावतात, तेव्हा पेशंट दुखावल्या स्वरात म्हणतो, “अहो, दूध तर मी केव्हाच सोडलंय!”