निवेदनाची पोच : एक शास्त्रीय विवेचन

सार्वजनिक आरोग्यव्यवस्था म्हणजे डॉक्टर, खाटा आणि औषधे, अशी समजूत सामान्य जनांत रूढ असली तरी प्रशासनशास्त्राला ती मान्य नाही. त्या शास्त्रानुसार या व्यवस्थेचे मूलद्रव्य कागद असून, गावकऱ्यांचे निवेदन आणि त्यावर उमटणारा आवक-शिक्का, ज्याला व्यवहारात 'पोच' म्हणतात, या दोहोंच्या संयोगातून आरोग्यसेवा सिद्ध होते. पोच दाखवल्याने ताप उतरत नाही, हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण ताप हा वैद्यकाचा विषय आहे आणि निवेदन हा आस्थापना शाखेचा.

शासकीय निकषांप्रमाणे मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. डोंगराळ व आदिवासी भागांसाठी हे आकडे अनुक्रमे ३,००० आणि २०,००० असे आहेत. निकषात केंद्राचा उल्लेख आहे, तेव्हा आत डॉक्टरही असेल, असे अनुमान गावकरी घाईने काढतात आणि तेथेच त्यांची फसगत होते. 'रिक्त पद' ही संज्ञा नीट समजून घेतली पाहिजे : ज्याचे अस्तित्व मंजुरीच्या आदेशाने निर्विवाद सिद्ध झाले आहे, परंतु जे डोळ्यांना दिसत नाही, ते रिक्त पद. त्यावरील उपाय म्हणजे 'अतिरिक्त कार्यभार'. एकाच वेळी दोन ठिकाणी प्रकट होण्याची सिद्धी पुराणांत योग्यांपुरती राखीव होती; खात्याने ती एका आदेशान्वये शेजारच्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला बहाल केली.

एवढ्यानेही तक्रार शमली नाही, तर नामांतराचा उपचार केला जातो. उपकेंद्राचे 'आरोग्यवर्धिनी केंद्र' झाले आणि २०२३ मध्ये त्याचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नामकरण झाले. या शेवटच्या नावावर टीका करणाऱ्यांनी त्यातील अचूकता ध्यानात घेतलेली नाही. रांग लावावी लागते, दर्शन होईलच याची शाश्वती नसते, गाभारा दुपारी बंद असतो आणि पूजेचे साहित्य बाहेरच्या दुकानातून विकत आणावे लागते. इतकी लक्षणे जुळत असताना दुसरे नाव देणे अन्यायाचे झाले असते.

कालगणनेतही हे शास्त्र उदार आहे. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य असे उद्दिष्ट जाहीर झाले. पुढे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासनाचा आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे योजिले. दोन्ही वर्षे वेळेवर आली, ही गोष्ट मान्य करावी लागेल.

या सुघटित शास्त्राला महाराष्ट्रात एकच उपद्रव झाला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख' नावाची प्रक्रिया होती, म्हणजे सेवा मिळते की नाही हे सेवा घेणाऱ्यांनीच तपासण्याची रीत. ती राज्यात २००७ पासून पाच जिल्ह्यांत राबवली जाऊ लागली. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा वा लाल रंग देत गावाची आरोग्य-पत्रिका तयार करायची आणि 'जनसुनवाई'त, म्हणजे अधिकारी व रुग्ण समोरासमोर बसतात अशा जाहीर सभेत, ती वाचून दाखवायची, असा हा क्रम होता. प्रशासनशास्त्राच्या दृष्टीने त्यातील दोष गंभीर आहे : भर मांडवात उभी राहून बाई विचारते की आरोग्यसेविका गेल्या महिन्यात किती वेळा आली, तेव्हा तिला शिक्का मारून परत पाठवता येत नाही, उत्तर द्यावे लागते. तोंडी प्रश्न 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' अग्रेषित करण्याची सोय अद्याप कोणत्याही नियमावलीत झालेली नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. म्हणून निवेदनाची पोच खुशाल फाइलला लावावी. 'औषध बाहेरून आणा' असे लिहिलेली चिठ्ठी आणि दुकानाचे बिल मात्र पुढच्या जनसुनवाईपर्यंत जपून ठेवावे.