शेगावच्या थंडीत कोंबड्या पाळण्याचे सहा सोपे धडे

१. आधी घाबरा. डिसेंबर-जानेवारीत पारा कधी १० अंशांखाली उतरतो आणि नवा कोंबडीमालक कानटोपी घालून खुराड्यापाशी हजर होतो. कोंबडीचं अंग बाराही महिने ४१ अंशांच्या आसपास असतं, वर पिसांची रजई. थंडी वाजते ती मालकाला.

२. खुराडं बारदानानं गच्च बांधा. सकाळी दार उघडताच विष्ठेतल्या अमोनियानं डोळ्यांत पाणी येईल. ते मायेचं समजा. कोंबड्या घुरघुरू लागल्या की वर वीतभर फट मोकळी करा, खालचा वारा तेवढा अडवा. हे पहिल्या दिवशी केलं तरी चालतं.

३. पुस्तकात भाताचं तूस अंथरायला सांगतात. शेगावात भात ताटात दिसतो, शेतात नाही. सोयाबीनचं कुटार मात्र रग्गड. तेच चार बोटं जाड अंथरा, वरचेवर हलवा, ओलं झालं की काढा. थंडीपेक्षा ओल वाईट.

४. रात्रभर बल्ब लावा आणि लाईट गेली की टॉर्च घेऊन धावा. खरं तर बल्ब हवा पिल्लांना: पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मोठ्या कोंबडीला संध्याकाळी मूठभर मका टाका. तो पचताना अंग तापतं.

५. अंड्यांची वाट पाहा. दिवस लहान झाला की कोंबडी अंडी आखडते. तिला १४ तास उजेड लागतो, तुमची काकुळती नाही. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू येतील. "महाराजांचं गाव हे, अन् तुम्ही कोंबड्या पाळता का जी?" आणि जाता जाता, हळूच: "नातवाले खोकला झाला, दोन गावरान अंडे हायेत का?" मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्या येणार नाहीत. शुक्रवारी नक्की.

६. प्रत्येक रोग थंडीवर ढकला. मान पिळवटून पडलेल्या कोंबडीला "गारठली बिचारी" म्हणा. ती बहुधा मानमोडी असते. तिच्यावर शेकोटी चालत नाही, आधी दिलेली लस चालते: पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

संक्रांत ओलांडली की पास झालात असं समजू नका; हा पेपर सोपा होता. आपल्याकडे मोठी कोंबडी थंडीनं सहसा मरत नाही. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की तापल्या पत्र्याखाली धापा टाकून मरते. म्हणून कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या जाळू नका, खुराड्याच्या पत्र्यावर टाकायला राखून ठेवा.