मावशींचं पथ्यपाणी

आमची ठमी आता १६ वर्षांची झाली. माणसाच्या पोरीचं सोळावं वर्ष आरशासमोर जातं. मांजराच्या हिशेबात ते थेट ऐंशीत नेऊन सोडतं. दवाखान्याच्या भिंतीवर तसा तक्ताच लावलेला आहे: पहिल्या वर्षाची १५, दुसऱ्याची ९ आणि पुढे दर वर्षाची ४. त्या तक्त्यापुढे उभं राहून मी बोटांवर बेरीज केली आणि लक्षात आलं, की हिच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी करायला हवी. आकाशातला चंद्र अर्थात हा तक्ता मानत नाही. त्याच्या लेखी ठमीने जेमतेम दोनशे पौर्णिमा काढल्या असतील, त्यातल्याही कित्येक गच्चीवरच्या टाकीवर बसून, चंद्राकडे पाठ करून. पण चेहऱ्यावर मात्र हजारही चंद्र बघून झाल्याचा कंटाळा आहे.

म्हातारपण तिच्या अंगात शिरलं ते उडीच्या वाटेने. पूर्वी ही फरशीवरून निघायची आणि फ्रिजवर उगवायची. मधला प्रवास आम्हाला कधी दिसलाच नाही. मग एका दुपारी ती खिडकीखाली बसून कठड्याकडे बघत राहिली. मान तिरपी केली, मागचे पाय जुळवले, मनातल्या मनात उंची मापली आणि खिडकी हा मुळी विषयच नव्हता अशा थाटात पंजा चाटायला घेतला. त्या संध्याकाळी नवऱ्याने काही न बोलता खिडकीखाली आप्पांचा जेवायचा पाट आणून ठेवला. पुढे पाटाशेजारी स्टूल आलं, स्टुलावर सतरंजीची घडी आली. इमारतीच्या मूळ नकाशातच हा जिना होता असं समजून ठमी तो चढू-उतरू लागली. लंगडणं नाही, कण्हणं नाही. बघणाऱ्याला हा नुसता आळस वाटावा. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा त्यातल्या ९० जणांचे सांधे झिजलेले निघाले. मांजर दुखणं बोलून दाखवत नाही. एकेक उंच जागा ते गुपचूप सोडून देतं, एवढंच.

सांध्यांमागोमाग मूत्रपिंडं. मांजराचे पूर्वज वाळवंटाच्या बाजूचे, थोड्या पाण्यावर भागवणारे. त्यामुळे म्हातारं मांजर घटाघटा पाणी पिऊ लागलं की समजावं. ठमी बादलीतलं प्यायली, कुंडीखालच्या ताटलीतलं प्यायली, एकदा तर नैवेद्याभोवती फिरवायला भरून ठेवलेलं पाणी देवाच्या आधी प्यायली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. हा आकडा वर सरकेपर्यंत मूत्रपिंडांनी बरंचसं काम सोडून दिलेलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आम्हाला घरी सलाइन द्यायला शिकवलं. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई शिरेत नाही, त्या कातडीखाली घालायची. नवरा बाटलीवरच्या रेघा मोजतो, मी ठमीच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहते, आणि १०० मिली आत गेलं की तिच्या खांद्यांवर एक मऊ, डुलती मदार उभी राहते. वाळवंटाची लेक इतक्या पिढ्यांनंतर डोंबिवलीत येऊन अखेर उंट होते. ती मदार घेऊन ठमी दिवाणखाना अशी ओलांडते, की मागून काफिला येत असावा. रात्रीपर्यंत पाणी अंगात मुरतं आणि काफिला विरून जातो.

गोळीशी मात्र तिचा उभा दावा आहे. बांगड्याच्या तुकड्यात दडवून दिली, तर बांगडा जातो आणि गोळी बशीच्या कडेला, पत्ता चुकलेल्या टपालासारखी, परत येते. जरा गुळात घोळवून बघा, असं शेजारणीने सुचवलं. पण मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखायला लागणारा एक जनुक त्यांच्यात निकामी आहे, हे २००५ साली उजेडात आलं. हे कळल्यापासून मला थोडं वाईट वाटतं. इतक्या दिवाळ्या ही आमच्या पायांत घोटाळली आणि माणसं करंज्यांसाठी एवढी का मरतात, हे कोडं हिला एकदाही सुटलेलं नाही. सल्ल्यांना तोटा नाही. खालच्या मजल्यावरचे काका अंगदुखीवर पॅरासिटामॉलची पाव गोळी सुचवून गेले. मांजराला ते जीवघेणं विष. दूध पाजा, हे तर सगळेच सांगतात. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध सोसत नाही असं म्हटलं, की लोक माझ्याकडे मी गाईची निंदा केल्यासारखं बघतात. खरी युक्ती साधी आहे. म्हाताऱ्या नाकाला वास लागत नाही म्हणून भूक लागत नाही. अन्न कोमट केलं की वास उठतो. स्वतःची आमटी आयुष्यात कधी गरम करून न घेतलेला माझा नवरा आता रोज सकाळी ठमीचं जेवण कोमट करतो आणि मनगटाला लावून बघतो.

रात्री तीनच्या सुमाराला ती पॅसेजमध्ये उभी राहून हाक मारते. कान गेलेत, त्यामुळे आपला आवाज केवढा लागतो याचा तिला पत्ता नाही. वरच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये फार सौजन्याने विचारलं, घरी कुणी गाणं शिकतं का. मी उठते, तिच्या पाठीवर हात ठेवते. ती दचकते, मी एवढ्या रात्री इथे काय करते आहे असं बघते आणि माझ्या पुढून चालत स्वयंपाकघरात जाते.

अशा वेळी मला आप्पा आठवतात, माझे सासरे. शेवटच्या वर्षांत तेही याच पॅसेजच्या टोकाच्या खोलीत होते. हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून ते कामं साठवायचे: पाणी, चष्मा, सरकलेली उशी, असं सगळं जमलं की आधी खाकरायचे आणि मग हळूच म्हणायचे, "तुला उगाच त्रास गं." चहा नेला की थरथरत्या हातांनी, "ठेव तिथे, मी घेतो." त्यांचं करण्यात फारशी दमणूक नव्हती. माझं सगळं बळ, मला काही त्रास होत नाही हे त्यांना पटवण्यात जायचं. आणि ठमी तेव्हा त्यांच्याच मांडीवर, त्यांच्या वर्तमानपत्रावर अंग पसरून, त्यांनी पान उलटू नये अशी व्यवस्था करून झोपलेली असायची. उपकार नावाचं खातंच तिच्या वहीत नाही. ती एकदा ओरडते, थांबते, दुसऱ्यांदा अधिक जोरात ओरडते. आणि तिच्या त्या हक्काने माझं काम हलकं होतं. आप्पांनी एखाद्या रात्री तीन वाजता असंच घर डोक्यावर घ्यायला हवं होतं.

दोघांनी मिळून गावाला जाणं आता बंदच आहे. नाशिकला लग्न निघालं, तेव्हा नवऱ्याने फोनवर चुलतीला सांगून टाकलं, की घरी म्हातारं माणूस आहे, एकटं सोडून येता येत नाही. काकूंनी विचारलं, "कोण रे?" तो म्हणाला, "मावशी." 'वाघाची' हा शब्द त्याने गिळला. काकू हेलावल्या. आठवड्याच्या आत त्यांच्याकडून नाचणीच्या सत्त्वाचा डबा आला, आणि आता दर रविवारी त्या मावशींच्या तब्येतीची चौकशी करतात. नवरा फोन माझ्या हातात देऊन बाल्कनीत पळतो. गेल्या रविवारी मी त्यांना सांगितलं, की कालपासून मावशी जरा जेवायला लागल्या आहेत, फक्त मासळीच हवी म्हणतात. काकू म्हणाल्या, "या वयात? अगं, मग देऊन टाक. काटे तेवढे काढून दे."