गाठीभेटी

“बाबा, शनिवारी तुमचं आणि आईचं गॉल वॉकला नाव घातलंय,” असं लेकीने जाहीर केलं, तेव्हा मी तिला शांतपणे आठवण करून दिली की माझं गॉल ब्लॅडर २०११ सालीच खड्यांसकट काढलेलं आहे. आता त्याच्या नावाने चालून काय उपयोग?

नाव घालण्यामागे निसर्गप्रेम नव्हतं. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही हाउन्स्लोला येऊन पाच आठवडे झाले होते. सौ.ने येताना सहाण, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग अशी बाळगुटीची अख्खी पुरचुंडी आणली होती, आणि बाळाला बघायला येणाऱ्या नर्सबाईंनी सहा महिने दुधाखेरीज काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. सौ. सकाळी सहाण ओट्यावर मांडायची, लेक ती उचलून कपाटात ठेवायची. मी दोघींना वेगवेगळं गाठून “तुझंच बरोबर आहे” असं सांगितलं होतं आणि ते दोघींनी एकमेकींना सांगितलं होतं. तेव्हा आम्हा दोघांनाही चार तास घराबाहेर काढणं सगळ्यांच्याच हिताचं होतं.

“गॉल म्हणजे झाडावरची गाठ,” जावईबापूंनी बस स्टॉपवर समजावलं. “ओकवर खूप असतात.”

आमच्याकडे ओक हे झाड नसतं, आडनाव असतं. माझ्या ओळखीत तीन ओक आहेत. पैकी एकाच्या मानेवर गाठ आहे, पण ती बघायला कोणी दुर्बीण घेऊन येत नाही.

रिचमंडला उतरून टेकडी चढलो. वरून थेम्स नदीचं वळण दिसतं. हा देखावा कोणी बांधकाम करून बिघडवू नये म्हणून १९०२ साली इथल्या पार्लमेंटने चक्क कायदा केला. पुण्याच्या टेकड्यांबद्दल मी बोलणार होतो, पण परमुलखात घरचं काढू नये असं सौ.चं मत आहे. पुढे रिचमंड पार्क. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये शिकारीसाठी भिंत घालून घेतलेलं हे रान. आता तिथे सहाशेच्या वर हरणं राहतात आणि शिकार फक्त पार्किंगच्या जागेची होते. हरणांपासून पन्नास मीटर लांब राहा, अशी सूचना होती. सप्टेंबरअखेर म्हणजे त्यांचा माजाचा हंगाम. एक काळवीटापेक्षा दुप्पट ऐवज झाडामागून असा डरकला, की मी पन्नासाचे शंभर केले.

आमच्या म्होरक्या बाई सत्तरीच्या होत्या. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी भिंग. मंडळी एकूण सात, अधिक एक लॅब्राडोर. पहिल्याच ओकखाली त्यांनी नियम सांगितला: इथलं काहीही खिशात घालायचं नाही, बघायचं, फोटो काढायचा, ठेवून द्यायचं. कोहिनूर ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे सांगावं, असं माझ्या मनात आलं. पण मी पाहुणा होतो.

मग त्यांनी एक पान उलटं केलं. पानाच्या पाठीवर, सवाष्णीने एकाच वेळी सगळं पाकीट चिकटवावं तशा, तांबूस टिकल्याच टिकल्या. शेजारच्या पानावर वेगळा माल: सोनेरी, मधे खड्डा असलेले, टाचणीच्या डोक्याएवढे मेदुवडे. भिंगातून मेदुवड्यांवरची रेशमी लवसुद्धा दिसत होती. प्रत्येकात एकेक अळी. पान गळायच्या आधी हे दागिने स्वतःच खाली पडतात, पाचोळ्यात हिवाळा काढतात आणि वसंतात त्यांतून मुंगीहून बारीक गांधीलमाशी निघते.

गंमत अशी की ही गाठ माशी बांधत नाही, झाडच बांधतं. माशी फक्त अंडं घालते. मग अळी झाडाला असं काही वळवते, की झाड स्वतःच्या खर्चाने, तिच्या नकाशाबरहुकूम घर उभं करतं. आतून खाण्यायोग्य भिंती, बाहेरून कडू कवच. आमच्या सोसायटीच्या बिल्डरला हे झाड एकदा दाखवायला हवं. अर्थात ताबा मिळाला म्हणजे संपलं असं इथेही नाही. गाठीत पोटभाडेकरू शिरतात. शिवाय अशाही माश्या आहेत ज्या बाहेरून सुईसारखी नळी खुपसून मूळ मालकाच्या अंगावरच अंडं घालतात, आणि शेवटी दारातून तिसरंच कोणीतरी बाहेर येतं. सदाशिव पेठेतले काही वाडे माझ्या डोळ्यांसमोर तरळले.

ओळखायची रीत सोपी, म्हणजे बाईंना. माशीच्या मागे लागायचं नाही. ती सापडत नाही आणि सापडली तरी सगळ्या सारख्या. आधी झाड ओळखायचं. इंग्लंडात देशी ओक दोन: एकाच्या फळाला लांब देठ, पानाला जवळजवळ नाही, दुसऱ्याच्या पानाला देठ, फळ फांदीलाच चिकटलेलं. मग गाठ कुठे आहे ते बघायचं, पानावर, कळीवर, फळावर की मुळावर. प्रत्येक माशीची जागा आणि नक्षी ठरलेली. मी आत्मविश्वासाने दाखवलेली पहिली गाठ म्हणजे पक्ष्याची शीट निघाली. दुसरी, मागच्या मोहिमेतल्या कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम. तिसऱ्या वेळी बाई नुसत्या “हं” म्हणाल्या आणि लॅब्राडोरने मला सहानुभूतीने हुंगलं.

ओकच्या फळांना त्यांच्याच पेल्यातून फुटलेली, चिकट, कंगोरेदार, पहिल्यांदाच केलेल्या उकडीच्या मोदकांसारखी दिसणारी गाठ होती. तिचं नाव नॉपर. हिची कथा ऐकून सौ. पुढे सरसावली. या माशीला जगायला दोन जातींचे ओक लागतात. एक पिढी देशी ओकच्या फळावर वाढते, तीत सगळ्या माद्याच. नर औषधालाही नाही. त्या उडून तुर्की ओकच्या मोहोरात अंडी घालतात, तिथे नर-मादी दोन्ही जन्मतात आणि त्यांतल्या माद्या पुन्हा देशी ओककडे येतात. तुर्की ओक इंग्लंडात १७३५ साली शोभेसाठी आणला गेला; माशी दोनशेहून जास्त वर्षांनी मागोमाग आली, बघते तर सासर आणि माहेर दोन्ही तयार.

“आख्ख्या पिढीत पुरुषच नाहीत?” मी म्हणालो. “मग चालतं कसं?”

“सुरळीत,” सौ. म्हणाली.

कुत्रेवाल्या गृहस्थांनी इथे किन्सीचा विषय काढला. माणसांच्या लैंगिक वर्तनावर १९४८ साली पुस्तक लिहून अमेरिकेची झोप उडवणाऱ्या या प्राध्यापकाने त्याआधीची वीसेक वर्षं ओकवरच्या गाठी गोळा करण्यात घालवली होती. त्याचा लाखो नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. म्हणजे आधी गाठी, मग गाठीभेटी. हा विनोद मी इंग्रजीत करून पाहिला. होत नाही.

मला ‘ओक ॲपल’ बघायचं होतं, पण ती मऊ सफरचंदी गाठ मे महिन्यातली. २९ मे हा तिचा सणही होता: १६५१ मध्ये लढाई हरलेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओकवर दिवसभर लपून राहिला, १६६० मध्ये राजा होऊन लंडनला परतला, म्हणून लोक त्या दिवशी ओकची डहाळी मिरवायचे. १८५९ पर्यंत सुट्टी होती. नुसतं झाडावर बसून राहिल्याबद्दल दोनशे वर्षं सुट्टी! पंधराच वर्षांनी आपल्याकडे आग्र्याहून सुटका झाली, तिच्यासाठी आम्हाला शाळेत धडा आणि खाली सात प्रश्न होते.

आणि मग एका खुरट्या ओकपाशी बाईंनी फांदी वाकवली. टोकाला तीन तपकिरी, गुळगुळीत, टणक गोट्या. “ही कोणाला ओळखता येईल?”

सगळे भिंग काढू लागले. सौ.ने भिंगाशिवाय, लांबूनच हात जोडले.

“अगं बाई! हे तर मायफळ!”

पुढची दहा मिनिटं सहल सौ.च्या ताब्यात होती. हे आम्ही वाण्याकडून आणतो, सहाणेवर उगाळतो आणि बाळाला चाटवतो, असं तिने सांगितल्यावर एका तरुणीने आपल्या बाबागाडीचं टप खाली ओढलं. बाई मात्र हरखल्या. ही मार्बल गॉल, म्हणाल्या; मायफळ नव्हे, त्याची चुलत बहीण. खरं मायफळ तुर्कस्तान, सीरिया, इराणकडच्या ओकवरचं, दुसऱ्याच माशीचं, आणि त्यात टॅनिन बक्कळ. त्याचा काढा, हिराकस आणि डिंक मिळून जी काळी शाई होई तिने युरोपने शतकानुशतकं आपले दस्त लिहिले. या मार्बलवाल्याही १८३० च्या सुमारास रंगासाठी आणि शाईसाठीच डेव्हनमध्ये आणल्या गेल्या.

“चुलत तर चुलत,” सौ. म्हणाली. “घराणं तेच ना?”

मग तिला एकदम काकडशिंगी आठवली. तीही गुटीत असते, तीही अशीच पोकळ, वाकडी. मी फोनवर शोधून बाईंना दाखवलं: हिमालयातल्या एका पिस्त्याच्या जातीच्या झाडावरची गाठ, करणारा मावा. बाईंनी वहीत लिहून घेतलं. पन्नास वर्षं पिकांवरच्या माव्याला शिव्या देणाऱ्या माझ्या वडिलांनी मला पहिल्या महिन्यातच त्याची करणी चाटवली होती, हे आठवून मी बाकावर बसलो.

शेवट पेम्ब्रोक लॉजमध्ये चहाने झाला. बर्ट्रांड रसेलचं बालपण इथे गेलं म्हणतात. त्याला गुटी मिळाली नसावी, नाहीतर इतका विचार करावा लागला नसता. मी तीन स्कोन आणि त्यांवर बसेल तेवढी साय खाल्ली.

रात्री दोन वाजता त्याचा निकाल लागला. तिसऱ्या फेरीनंतर बाहेर आलो तर स्वयंपाकघरात दिवा. सौ.ने कपाटातून सहाण काढली होती, पुरचुंडी सोडली होती.

“मायफळाचे चार वेढे देते. जुलाब बांधून येतील.”

मी ते मायफळ हातात घेऊन दिव्याखाली फिरवलं. बाईंनी निघताना एक गोष्ट सांगितली होती: माशी बाहेर पडली की गाठीला बारीक भोक राहतं. व्यापारात बिनभोकाच्या गाठीला भाव जास्त. माशी निघायच्या आत तोडलेली, म्हणून टॅनिन भरपूर.

“याला भोक नाही,” मी म्हणालो.

“नसणारच. आई म्हणायची, मायफळ नेहमी बिनभोकाचं बघून घ्यावं.”

“अगं, म्हणजे ती आतच आहे!”

सहाणेवरचा हात क्षणभर थांबला. आतल्या खोलीत नात कुरकुरली आणि पुन्हा झोपली.

“असेल,” सौ. म्हणाली आणि पाचवा वेढा घेतला. “जीभ काढा.”