शून्य रुपयांचं तिकीट

नागपूरच्या रामदासपेठेत काकाजींचा दुमजली बंगला आहे, फाटकाच्या आत दोन गाड्या आहेत, आणि काकाजींच्या बंडीच्या खिशात सदैव लॅमिनेट केलेलं आधारकार्ड आहे. गाड्या मुलाच्या. काकाजींची खरी इस्टेट म्हणजे कार्ड.

२६ ऑगस्ट २०२२ ला एसटीनं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर प्रवास मोफत केला, तेव्हा काकाजी चौऱ्याहत्तरचे होते. वय कमी पडल्याचं दुःख माणसाला त्या वयात सहसा होत नाही. पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट त्यांना मिळतच होतं, पण "अर्ध्यात काय मजा बाप्पा!" पुढच्या वाढदिवशी मात्र केक कापायच्या आधीच ते गणेशपेठ बसस्थानकावर हजर. तिथवर गेले मुलाच्या गाडीनं, कारण ही योजना शहर बसला लागू नाही आणि पैसे देऊन बसमध्ये बसणं आता तत्त्वात बसेना. रामटेकला जाऊन, गडसुद्धा न चढता, पुढच्या गाडीनं परत आले. कंडक्टरनं दिलेलं शून्य रुपयांचं तिकीट नातवाच्या पदवीशेजारी फ्रेममध्ये आहे. पदवीचा खर्च त्यांना विचारू नये.

काकूंना यातलं काही मानवत नाही. मार्च २०२३ पासून समस्त महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, ही बातमी काकाजींनी पेढ्यासारखी घरभर वाटली. काकू म्हणाल्या, "मले नको अर्धं न् फुकट. ऑटो बोलावून द्या."

नातीला मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घरची संत्र्याची बाग. काकाजींनी मान हलवली. "सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच राहते. पुढं तिकीट काढा लागते." रेल्वेचा विषय तर त्यांच्यासमोर काढूच नये. ज्येष्ठ पुरुषांची चाळीस टक्के सूट मार्च २०२० मध्ये गेली. त्याचं सुतक अजून फिटलेलं नाही.

एवढं हसून झालं, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेला. दिव्यांगांना एसटीत पंचाहत्तर टक्के सूट असते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो काटोलला पूर्ण तिकीट काढून जायचा. काकाजींनी त्याचा यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरला, तपासणीच्या दिवशी रांगेत आपण उभे राहिले, त्याला बाकावर बसवलं. "चाळीस टक्के तरी अपंगत्व भरलं पाहिजे," म्हणत दहावीच्या निकालाला लेकराचा बाप घुटमळतो तसे दाराशी घुटमळत होते. कार्ड आलं तेव्हा लॅमिनेशनही स्वतःच्याच पैशानं केलं.

मग एका सकाळी कपडे देताना त्यांनी हळूच विचारलं, "काहून रे, इस्त्रीत ज्येष्ठाले काही कमी नाही का?"

"हाये ना काकाजी," तो मान वर न करता म्हणाला. "आधारची झेरॉक्स आना, दोन फोटो आना, मंग पाहू."

काकाजी लगबगीनं घरात गेले ते फाईल घेऊनच बाहेर आले.